दूध न येणारं घर

माझ्या घरात दूध येत नाही. सकाळी जिन्यात सगळ्यांच्या दारांना पिशव्या लटकत असतात आणि माझ्या दाराची कडी मोकळी असते. पूर्वी मला साय घातलेला चहा लागायचा, आता काळा पितो. दही, तूप, लोणी, पेढे, यातलं काहीही उंबरा ओलांडत नाही. हे व्रत वगैरे नाही. माझ्या मुलीला दूध चालत नाही आणि ती एकाआड एक रविवारी माझ्याकडे येते, एवढंच कारण. मधल्या दिवसांत दूध आणावं आणि शनिवारी भांडी लख्ख घासावीत, असं मला एकदा कामावरच्या एकानं सुचवलं होतं. तसं चाललंही असतं. पण घरात दूध नसलं की ती येणार आहे असं वाटत राहतं, म्हणून मी ते केलं नाही.

चालत नाही म्हणजे पोट बिघडतं, इतकं ते साधं नाही. तिच्या उष्टावणाला मामानं खिरीचं बोट तिच्या तोंडात लावलं आणि बघता बघता ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास घरघरायला लागला. घरभर पाहुणे. कोणी म्हणालं दृष्ट लागली, कोणी म्हणालं खीर गरम असेल. डॉक्टरांनी नंतर निवांत बसवून सांगितलं की दूध आणि दुधापासून झालेलं काहीही नको, नखाएवढंही नको. काही मुलांचं मोठेपणी जातं, असंही ते म्हणाले होते. तिचं गेलं नाही. ती आता आठ वर्षांची आहे.

एखाद्या मराठी घरातून दूध काढून बघा म्हणजे कळेल. वरणावर तूप, पोळीला तूप, शिऱ्यात तूप, कोशिंबिरीत दही, कढीत ताक. पाहुणा आला की चहा, गेला की हातावर पेढा. आमच्याकडे दुधानं तोंड पोळलं होतं आणि फुंकून प्यायला ताकसुद्धा वर्ज्य होतं. एक नारळाचं दूध तेवढं चालायचं, त्याचं तिला फार अप्रूप. शाळेत ती सांगायची की मला झाडाचं दूध चालतं.

तिची आई आणि मी वेगळे झालो तेव्हा मोठं काही घडलं नव्हतं. भांडायलाही काही विषय लागतात, आमचे तेही संपले होते. त्या दोघी ठाण्याला घोडबंदर रोडला राहिल्या, मी भाडं परवडेल तिथवर सरकत सरकत आंबिवलीला आलो. लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. दिवसभर लोकांना वर-खाली पोचवायची व्यवस्था बघायची आणि संध्याकाळी आपल्या बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावर चालत चढायचं. दार उघडलं की आत सकाळी ठेवलेलं सगळं सकाळच्याच जागी असतं. घरात दुसरं माणूस असलं की वस्तू हलतात, हे मला वेगळं झाल्यावर समजलं.

आता यात मला जे जपायचं होतं ते सांगतो. मुलगी कुठेही गेली की खाण्याआधी विचारते. आईनं तिला ते बोलता यायला लागल्यापासून शिकवलंय. वाढदिवसाला, शेजारी, लग्नात, ताट समोर आलं की ती मान वर करून म्हणणार, ‘‘यात दूध, तूप, लोणी काही आहे का? प्लीज सांगा ना.’’ आवाज अगदी मोठ्या बाईसारखा. लोक हसतात, कौतुक करतात, मी मात्र दुसरीकडे बघतो. फक्त दोन घरांत ती विचारत नसे. एक तिच्या आईचं आणि एक माझं. माझ्याकडे आली की ती सरळ डबे उघडायची आणि जे सापडेल ते तोंडात टाकायची. कोर्टानं मला महिन्यातले दोन रविवार दिले होते, पण हे तिनं दिलं होतं. ते टिकलं पाहिजे, याशिवाय मला आयुष्याकडून त्या दिवसांत फारसं काही नको होतं.

आमचा रविवार ओट्याशी जायचा. नियम तिचाच होता, गॅस पेटवायचा नाही. गॅस पेटला की मोठी माणसं ‘बाजूला हो’ म्हणतात, असं तिचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. म्हणून न शिजवता जे होईल ते आम्ही करायचो. बिया काढलेला खजूर आणि पिकलेलं केळं तिनं हातानं कुस्करायचं, त्यात मी लाटण्यानं चुरलेले कुरमुरे घालायचे, गोळे करून सुक्या खोबऱ्याच्या किसात लोळवायचे. पाण्याचा हात घेतला की गोळा चिकटत नाही, हा शोध आमचा दोघांचा. चिकू सोलून नारळाच्या घट्ट दुधात कालवायचा आणि वाटीत गोठवायचा. द्राक्षं फ्रीझरमध्ये टाकून जेवणानंतर कडाकडा खायची. उन्हाळ्यात खडवलीकडच्या बायका स्टेशनबाहेर टोपल्या मांडून बसल्या की जांभळं आणि करवंदं. ती गोळे ओळीत मांडायची, त्यातला सगळ्यात वाकडा मला द्यायची आणि म्हणायची, ‘‘हा बाबासारखा झालाय.’’ संध्याकाळी तिला ठाण्याला सोडून परत आलो की उरलेले गोळे मी एकेक करून आठवडाभर पुरवून खायचो.

आमची घरमालकीण तळमजल्यावर राहते. पिढ्यान्‌पिढ्या इथलीच, आगरी. जिथं इमारत आहे तिथं तिच्या सासऱ्याची भातशेती होती. मुलं कल्याणला टॉवरमध्ये गेली, ती गेली नाही. मी तिला मावशी म्हणतो. मी राहायला आलो तेव्हा नव्या घरात दूध उतू घालवलं नाही, याचं तिला माझ्यापेक्षा जास्त दुःख झालं होतं. ‘‘घरात दूद उतू गेला की मानसं येतात रं,’’ ती म्हणाली होती. मी तिला मुलीचं सगळं सांगितलं. दूध नाही, दही नाही, लोणी नाही, तूप नाही. तिनं डोळे मोठे करून ऐकलं आणि मग विचारलं, ‘‘मंग ती पोर वाडते कशी?’’ पण तिनं ते मनावर घेतलं. माझ्यासाठी भाकरी, सुकटीची चटणी पाठवायची ती दूध-तूप न घातलेली. मुलगी आली की जिन्यातूनच हाक मारायची, ‘‘आली गो बाय माजी.’’ त्या अख्ख्या इमारतीत आम्हा बापलेकींची वाट बघणारं तेवढं एक माणूस होतं.

या मे महिन्यात मुलीच्या आईनं हो-नाही करत मला एक आठवडा दिला. पहिल्यांदाच. फोनवर ती म्हणाली, ‘‘जमेल ना रे तुला? मला टेन्शन येतं.’’ मी म्हटलं, घरात दुधाचा थेंब नाही, जमेल. त्याच आठवड्यात बुद्धपौर्णिमा येत होती. आम्ही बौद्ध, माझं बालपण कल्याणच्या चाळीत गेलं, तिथल्या विहारात पौर्णिमेला खिरीचं मोठं पातेलं लागतं आणि चाळीतली मुलं द्रोण घेऊन धावतात. माझी मुलगी दर वर्षी माझा हात धरून बाजूला उभी राहायची. यंदा तिनंच ठरवलं होतं की आपण आंबापोळी करू, पोळीचे तुकडे कापू आणि ती स्वतः खिरीच्या शेजारी उभी राहून सगळ्यांना वाटेल. ‘‘मी देणार,’’ तिनं फोनवर बजावलं, ‘‘तू नुसतं ताट धर.’’

आंबापोळीला गॅस लागत नाही, ऊन लागतं, आणि आमच्याकडे मे महिन्यात दुसरं काही नसलं तरी ते असतं. ती यायच्या आधी मी सुट्टी टाकून रस काढला. ताटांना खोबरेलाचा हात फिरवला, रस पातळ पसरला, वर मलमल बांधली आणि गच्चीवर ताटं मांडली. निम्मा रस अजून पातेल्यात होता तेवढ्यात फोन आला. ठाण्यात एका टॉवरची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, आत माणसं होती. अशा वेळी सुट्टी आहे म्हणता येत नाही. मी मावशीला किल्ली दिली आणि ऊन उतरलं की ताटं आत घ्या म्हणून सांगून निघालो.

संध्याकाळी परतलो तर पातेलं घासून पालथं घातलेलं आणि माझ्या ताटांशेजारी मावशीची ताटं, त्यातही रस पसरलेला. ‘‘एवढ्या उन्हात रस आंबला असता,’’ ती म्हणाली, ‘‘पोरीचा हाय, वाया कसा घालवू?’’ मी विचारलं, ‘‘मावशी, यात काही घातलं नाही ना?’’ ती म्हणाली, ‘‘काय नाय घातला. नुसता रस.’’ आणि ते अक्षरशः खरं होतं. पुढचे दिवस आम्ही दोघं मिळून त्या पोळ्या उलटत राहिलो. वाळल्यावर तिच्या ताटातल्या पोळ्या माझ्यापेक्षा सुबक सुटल्या, तेव्हा मला थोडं वाईटसुद्धा वाटलं. सगळ्या एकत्र गुंडाळून डब्यात ठेवल्या.

शनिवारी मुलगी आली. पाठीवर मोठी बॅग, हातात उशी. उशी बघून मला इतकं बरं वाटलं की मी ती तिच्याकडून काढून घेतली आणि आंबिवली येईपर्यंत मांडीवर धरून बसलो. घरी आल्यावर ती नेहमीप्रमाणे सरळ डब्यांकडे गेली. कात्री घेऊन जमिनीवर बसली, पोळीच्या पट्ट्या कापायला लागली, आणि कापता कापता एक तोंडात टाकली. मग अजून एक. मी तिची बॅग रिकामी करत होतो. कपाटातला एक कप्पा तिच्यासाठी मोकळा केला होता, त्यात फ्रॉक रचत होतो.

‘‘बाबा, घसा खाजतोय,’’ ती म्हणाली.

वळून बघितलं तर ओठ सुजायला लागले होते. पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. आईनं दिलेल्या पिशवीतलं औषध दिलं, तिला उचललं, तीन मजले उतरलो. मावशीनं रस्त्यात आडवी उभी राहून रिक्षा थांबवली. शहाडच्या पुलावर गाड्या खोळंबल्या होत्या आणि ती माझ्या शर्टाची कॉलर धरून खोकत होती. कल्याणच्या हॉस्पिटलात इंजेक्शन दिल्यावर हळूहळू तिचा श्वास मोकळा झाला. मी तिच्या आईला फोन केला.

रिक्षातून मावशी आमच्याबरोबर आली होती. ती बाकड्यावर पदर तोंडाला लावून बसलेली. डॉक्टरांनी विचारलं की काय खाल्लं, मी आंबापोळी म्हटलं. त्यांनी विचारलं, ‘‘ताटाला काय लावलं होतं?’’ मी म्हणालो, खोबरेल. आणि म्हणता म्हणता मावशीकडे बघितलं.

‘‘मी नुसता तुपाचा हात फिरवलेला,’’ ती म्हणाली. ‘‘खायाला कुठं दिला तूप? ताटाला लावला. नायतर पोली सुटत नाय.’’

ती खोटं बोलत नव्हती की निष्काळजीही नव्हती. तूप नाही म्हणजे तूप वाढायचं नाही, हे तिनं पक्कं लक्षात ठेवलं होतं. तुपाचा हात हा तिच्या हिशेबी पदार्थच नव्हता, ताट पुसून घेण्यासारखंच ते एक काम होतं. माझ्या आईनंही वड्या थापताना आयुष्यभर तेच केलं आणि कशात काय घातलं हे सांगताना तो हात कधी सांगितला नाही. मला मावशीचा राग आला होता. फार आला होता. पण तिच्याकडे बघितलं की तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. थोड्या वेळानं ती म्हणाली, ‘‘तुज्या बायकोला मी सांगतंय. चूक माजी हाय, तुजी नाय.’’ मी नको म्हटलं.

मुलीची आई आली. मला वाटलं होतं ती ओरडेल आणि ती ओरडावी असं मला मनापासून वाटतही होतं. ती ओरडली नाही. तिनं मुलीच्या कपाळावर हात ठेवला, डॉक्टरांशी बोलली, मग मी सांगितलेलं सगळं शेवटपर्यंत ऐकलं. ‘‘कळलं,’’ ती म्हणाली. ‘‘कोणाच्याही घरी झालं असतं.’’ तिला मला धीर द्यायचा होता, पण मला तेच लागलं. माझं घर कोणाचंही घर असू नये, यासाठी तर सगळा आटापिटा होता.

डॉक्टरांनी सोडलं तेव्हा आईनं तिला विचारलं, ‘‘तुला राहायचंय का बाबाकडे? आता बरं वाटतंय ना?’’ तिनं खरंच विचारलं होतं. मुलीनं माझ्याकडे बघितलं नाही. आईच्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, ‘‘घरी जाऊया.’’ मी आंबिवलीला जाऊन बॅग आणि उशी घेऊन आलो. रचलेले फ्रॉक पुन्हा बॅगेत तसेच कोंबले.

राहिलेल्या सगळ्या पोळ्या मी टाकून दिल्या, माझ्या ताटातल्याही, कारण कुठली कुठली हे आता सांगता येत नव्हतं. ताटं, डबा, कात्री, सगळं मोडीत दिलं. पौर्णिमेला मी एकटाच विहारात गेलो. वंदना झाली, मुलं द्रोण घेऊन धावली. पातेल्याजवळच्या ओळखीच्या बाईनं माझ्यापुढे द्रोण धरला. मी म्हटलं, ‘‘दूध चालत नाही.’’ ती म्हणाली, ‘‘अरे, तुला पण का?’’ मी पुढे सरकलो. त्या गर्दीत सगळे मला लहानपणापासून ओळखणारे होते आणि तरी मी इतका एकटा कधी नव्हतो. मुलीनं जिथं उभं राहायचं होतं ती जागा मी मनात धरली होती, तिथं कोणीतरी चपला काढून ठेवल्या होत्या.

त्यानंतर बरेच रविवार कुठल्या ना कुठल्या कारणानं हुकले. कधी तिचा क्लास, कधी सर्दी. कारणं खोटी नव्हती, पण पूर्वी अशी कारणं अडवायची नाहीत. मावशी वर यायची कमी झाली. भाकरी पाठवायची तीही बंद केली. एकदा जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, ‘‘आता माज्या हाताला भ्या वाटतंय.’’ मी पूर्वीप्रमाणेच काळा चहा पीत राहिलो.

शाळा सुरू झाल्यावर एका रविवारी ती आली. तिची आई तिला कल्याण स्टेशनपर्यंत सोडायला आली होती. घरी पोचल्यावर तिनं चपला काढल्या, कोपऱ्यात नीट ठेवल्या आणि खुर्चीवर बसली. डब्यांकडे गेली नाही. मी म्हटलं, खजुराचे गोळे करायचे का? ती हो म्हणाली. आम्ही केले. तिनं केळं कुस्करलं, मी कुरमुरे चुरले, शाळेतल्या नव्या बाई कशा आहेत ते तिनं सांगितलं, आणि एकदा ती खळखळून हसलीसुद्धा. मला वाटलं, झालं, आलं सगळं जागेवर.

नव्या ताटात गोळे मांडून मी ते तिच्यापुढे धरलं. तिनं हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. मान वर करून माझ्याकडे बघितलं.

‘‘बाबा, ताटाला काही लावलंयस का? प्लीज सांग ना.’’

आवाज तोच होता, मोठ्या बाईसारखा, लग्नात आणि वाढदिवसांना लावायचा. तिच्या मनात राग नव्हता. ती फक्त विचारत होती, जसं सगळीकडे विचारते.

‘‘नाही,’’ मी म्हटलं. ‘‘ताट कोरडं आहे. हाताला पाणी घेतलं होतं, तू बघितलंस.’’

‘‘आणि ताट कोणी धुतलं?’’

‘‘मीच.’’

तिनं थोडा विचार केला. मग एक गोळा उचलला, वास घेतला आणि खाल्ला. आमच्याकडे आईबापांचे कोणी आभार मानत नाही, ते परक्यांसाठी असतात. बाहेर विचारून झालं की समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून आईनं तिला एक शब्द शिकवलाय.

‘‘थँक्यू, बाबा,’’ ती म्हणाली.

मी ‘वेलकम’ म्हणालो. दुसरं काय म्हणायचं असतं ते मला आठवेना.